फिक्स्ड साईटवाल्या एअर रायफलवर रेड डॉट बसवायचाय? गोव्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा, सगळीकडची मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बहुतेकांकडे साधी ब्रेक-बॅरल (नळी मोडून भरायची) स्प्रिंगवाली एअर रायफल असते, पुढे माशी आणि मागे खाच असलेली साईट कंपनीतूनच बसवलेली, तिलाच इथे फिक्स्ड साईट म्हणतोय. त्यामुळे उत्तरं मुख्यतः त्याच रायफलसाठी आहेत, लायसन्सवाल्या रायफलीबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

रेड डॉट म्हणजे लेझरच ना?

नाही. लेझर समोरच्या वस्तूवर लाल ठिपका पाडतो. रेड डॉट बाहेर काहीच पाडत नाही. आत एक बारीक एलईडी असतो, त्याचा उजेड पुढच्या काचेवरच्या कोटिंगवर आपटून तुमच्या डोळ्याकडे परत येतो, आणि काचेचा आकार असा असतो की ती किरणं समांतर होऊन येतात, म्हणून ठिपका काचेवर चिकटल्यासारखा न दिसता लांब टार्गेटवर असल्यासारखा दिसतो. स्कोपसारखं मोठं करून मात्र तो दाखवत नाही. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली पहिला असा डॉट बाजारात आणला, मूळ कल्पना आजही तीच आहे.

कंपनीची साईट चांगली चाललीय, मग रेड डॉट कशाला लावायचा?

चांगली चाललीय आणि तुम्ही दहा मीटरवर कागदावर मारताय तर खरंच गरज नाही, पैसे चांगल्या छर्ऱ्यांवर घाला. पण दोन प्रकारच्या लोकांना फरक पडतो. एक म्हणजे चाळिशी ओलांडलेले. उघड्या साईटला मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट अशा तीन वेगळ्या अंतरावरच्या गोष्टी एकाच वेळी बघायच्या असतात, वाचायचा चष्मा लागला की मागची खाच धुरकट होते आणि कितीही डोळे बारीक केले तरी काय ती साफ दिसत नाही. डॉटमध्ये नजर फक्त टार्गेटवर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे, ठिपका आपोआप तिथे दिसतो. दुसरे म्हणजे जे कुळागरात माडा-पोफळीखाली टार्गेट लावून प्रॅक्टिस करतात. तिथे सकाळी आठलाही इतकी गर्द सावली असते की काळी माशी काळोखात विरघळून जाते, तिचं टोक कुठे आहे तेच कळत नाही. लाल ठिपका तिथे मस्त दिसतो.

एअर रायफलला लायसन्स लागतं का, आणि डॉट लावला म्हणून काही बदलतं का?

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत मझल एनर्जी (नळीतून सुटताना छर्ऱ्याची ताकद) असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. त्याच्यावर गेलात, म्हणजे ५.५ मिमी म्हणजे .२२ बोअर घेतलीत किंवा पॉवर २० ज्यूलच्या वर नेलीत, तर ती लायसन्सच्या कक्षेत येते. डॉट लावल्याने पॉवर किंवा बोअर बदलत नाही, म्हणून ती मर्यादाही बदलत नाही. रायफल आणि डॉट दोन्हीचं बिल घ्या आणि रायफल कुठे नेताना ती केसमध्ये, रिकामी, आणि बिल सोबत अशीच न्या. चेकिंगला पोलिसांनी गाडी थांबवली तर लांबून बघणाऱ्याला ती एअर रायफल आहे की दुसरं काही हे कळत नसतं, आणि तसं त्यांनी ओळखावं ही अपेक्षाही बरोबर नाही.

डॉट लावायचा तर फिक्स्ड साईट काढून टाकू ना?

नको. हे पान लिहायचं मुख्य कारणच हा प्रश्न आहे. दुकानात सांगतात, यूट्यूबवर दाखवतात, आणि लोक घरी येऊन हातोडी-पंचने पुढची माशी ठोकून काढतात आणि मग ती परत सरळ बसत नाही. कशासाठी? दिसायला क्लीन दिसावी म्हणून. अरे पण ती साईट तुमची सगळ्यात विश्वासू मोजपट्टी आहे.

बघा, डॉटमध्ये बॅटरी आहे, सर्किट आहे, दोन बारीक स्क्रू आहेत ज्यांच्यावर आतली सगळी सेटिंग टिकते, आणि खाली माउंट आहे जो सरकू शकतो. यातलं एकही बिघडलं तर डॉट तसाच लाल, तसाच सुंदर दिसत राहतो पण नेम दुसरीकडेच जातो आणि तुम्हाला कळतच नाही. फिक्स्ड साईट जागेवर असेल तर अर्ध्या मिनिटात कळतं. रायफल टेकवून फिक्स्ड साईटने टार्गेटवर धरा, मग रायफल न हलवता डोकं वर करून डॉट बघा, डॉट त्याच जागी असेल तर सगळं ठीक. नसेल तर काहीतरी हललंय. ही तपासणी छर्रा न उडवता होते, आणि ती करायची तर पहिल्यांदा फिक्स्ड साईट नीट झिरो केलेली (म्हणजे धरतो तिथेच छर्रा लागेल अशी जुळवलेली) पाहिजे, म्हणून डॉट विकत आणायच्या आधी एक दिवस फक्त तिला द्या.

दुसरा फायदा नंतर पॅरलॅक्सच्या, म्हणजे डोकं हललं की ठिपका हलतो त्याच्या, उत्तरात येतो. आणि तिसरा साधा, बॅटरी संपली तरी रायफल बंद पडत नाही.

पण मागची साईट मध्ये येते, डॉटच्या काचेत तीच दिसते. तिचं काय?

ब्रेक-बॅरलमध्ये मागची साईट नळीच्या ब्लॉकवर असते आणि डॉट बसतो त्याच्या मागे, सिलिंडरवरच्या (नळीच्या मागचा, आत पिस्टन असलेला जाड भाग) खाचांवर. डॉट बुटका असेल तर काचेच्या खालच्या भागात मागची साईट आणि माशी दिसते. काचेचा खालचा तिसरा हिस्सा अडला तरी काही बिघडत नाही, उलट ते बरंच आहे. अर्धीअधिक काच अडत असेल तर पहिल्यांदा मागच्या साईटचं उंचीचं चाक पूर्ण खाली फिरवून बघा, पण त्याआधी मूळ जागेवर किती क्लिक होते ते कागदावर लिहून घ्या, नाहीतर तुमची मोजपट्टी गेली. तेवढ्याने भागलं नाही तर डॉटखाली पातळ रायझर (उंची वाढवणारा ठोकळा) घाला. साईट कापू नका, घासू नका.

माझ्या रायफलवर डॉट बसेल का? दुकानदार पिकाटिनी, वीव्हर, डोवटेल काय काय म्हणतो.

सिलिंडरच्या वर मागच्या बाजूला बघा. दोन लांब समांतर खाचा दिसल्या तर ती डोवटेल, एअर रायफलला साधारण ११ मिमीची असते. आडव्या खाचा असलेली जाड पट्टी असेल तर ती पिकाटिनी किंवा वीव्हर. पिकाटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद असते आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी, वीव्हरची खाच थोडी अरुंद. म्हणून वीव्हरवाला डॉट सहसा पिकाटिनीवर बसतो, उलटं दरवेळी होत नाही.

बाजारातले बहुतेक रेड डॉट पिकाटिनीचा पाय घेऊन येतात, आणि आपल्या रायफलीवर डोवटेल. मग मध्ये ११ मिमी ते पिकाटिनी असा ॲडाप्टर लागतो. हा ॲडाप्टर शंभर-दोनशे रुपये वाचवायची जागा नाही. एकाच लांब तुकड्याचा, दोन्ही बाजूंनी चार स्क्रूने घट्ट धरणारा आणि खाली स्टॉप पिन असलेला घ्या. स्टॉप पिन म्हणजे छोटी खिळी, ती सिलिंडरवरच्या बारीक भोकात जाते. तुमच्या रायफलीला तसं भोक आहे का ते आधी बघून ठेवा, नसेल तर ॲडाप्टरच्या मागे वेगळा स्टॉप लावता येतो.

एअर रायफलला कुठे धक्का असतो? स्टॉप पिनची एवढी काय गरज?

लोकांना वाटतं छोटी रायफल, छोटा धक्का. स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का छोटा असेल पण तो दोन्ही दिशांनी येतो. चाप ओढला की जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे जाते, आणि पिस्टन पुढच्या टोकाला हवेच्या उशीवर थांबला की रायफल झटक्याने पुढे येते. बंदुकीचे डॉट फक्त मागे येणाऱ्या धक्क्यासाठी बनवलेले असतात, हा उलटा झटका कित्येकांना सोसत नाही. डॉट घेताना स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल असं कंपनीने लिहिलंय का ते बघा. आणि माउंट प्रत्येक शॉटला केसाएवढा सरकतो, सहसा मागे, चार दिवसांनी बघाल तर खाचेवर चकचकीत ओरखडा पडलेला असतो. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारी) रायफलला हा त्रास जवळपास नसतो.

बसवायचं कसं, पहिल्यापासून सांगा.

रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली (स्प्रिंग दाबून ठेवलेली) नाही हे आधी बघा, नळी उघडून आत डोळ्याने बघा, "असेल रिकामी" असं नाही. मग ती मांडीवर घेऊन नको, टेबलावर जुना टॉवेल घडी करून त्यावर ठेवा.

डोवटेलच्या खाचा आणि ॲडाप्टरचे जबडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. नव्या रायफलीवर कंपनीचं तेल असतं आणि जुनीवर आपण पावसाळ्यात चोपडलेलं खोबरेल किंवा मशीन ऑइल, ते खाचेत राहिलं तर कितीही आवळा, सरकणारच. स्टॉप पिन भोकात टेकवा, ॲडाप्टर मागच्या बाजूला ढकलून पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकलीय याची खात्री करा आणि मग स्क्रू हाताने आळीपाळीने फिरवा, पुढचा थोडा, मागचा थोडा, एकदम एक पूर्ण आवळून दुसरा घ्यायचा नाही. टॉर्क रेंच असेल तर १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.७ ते २.३ न्यूटन-मीटर पुरे. नसेल तर ॲलन की लांब बाजूने स्क्रूमध्ये घाला आणि आखूड बाजू फक्त दोन बोटांनी धरून फिरवा, बोटांची ताकद संपेल तिथे थांबा. लांब दांडा धरून आवळला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा.

मग त्यावर डॉट. त्याच्या पायाची आडवी पट्टी खाचेत बसवा, डॉट मागे ढकला म्हणजे पट्टी खाचेच्या मागच्या कडेला टेकेल, आणि तसाच धरून आवळा. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर एक थेंब, लाल नको, लाल लावलात तर उद्या उघडायला गरम करावं लागेल. सगळं झालं की पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ मारा, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर अर्धी बाजूच्या धातूवर, आणि तशीच एक रेघ ॲडाप्टरच्या कडेपासून सिलिंडरवर. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली की काय हललं ते लगेच कळतं.

डॉट पुढे लावायचा की मागे?

स्कोपसारखं डोळ्यापासून ठराविक अंतर डॉटला लागत नाही, त्यामुळे कुठेही चालतो. थोडा पुढे लावला तर दोन्ही डोळ्यांनी बघायला मोकळं वाटतं. फक्त ब्रेक-बॅरलमध्ये तो नळीवर लावू नका, कॉक करताना हात तिथेच जातो आणि नळी प्रत्येक वेळी उघडझाप होते.

लावल्यावर गाल टेकत नाही, मान अधांतरी राहते.

कारण दस्ता खालच्या फिक्स्ड साईटच्या हिशोबाने बनवलेला आहे आणि तुमचा डोळा आता दोन-तीन सेंटीमीटर वर गेलाय. दस्त्यावर ईव्हीए फोमची पट्टी कापडी टेपने बांधा, चपलेच्या दुकानातला फोमही चालतो. मात्र ती काढता येण्यासारखी ठेवा, कारण फिक्स्ड साईट वापरायची झाली तर डोकं परत खाली गेलं पाहिजे, आणि आपल्या घामाने तो फोम महिन्याभरात वास मारायला लागतो हेही आहेच.

आता झिरो करायचं कसं? छर्रे वाया घालवायचे नाहीत.

फिक्स्ड साईट ठेवलीत त्याचं बक्षीस इथे मिळतं. दहा मीटरवर पांढऱ्या कागदावर रुपयाच्या नाण्याएवढा काळा गोल काढा. रायफल वाळूच्या दोन पिशव्यांवर अशी टेकवा की हात काढला तरी हलणार नाही. फिक्स्ड साईटने बरोबर गोलावर धरा. आता रायफलला धक्का न लावता डोकं हळूच वर करा, डॉटमधून बघा. ठिपका गोलाच्या वर-खाली, डाव्या-उजव्या कुठेतरी दिसेल. नेमकं इथे रायफल हलवायचा मोह होतो. रायफल नाही, डॉटचे स्क्रू फिरवायचे, ठिपका गोलावर येईपर्यंत. परत डोकं खाली करून फिक्स्ड साईट अजून गोलावरच आहे ना बघा. असं दोन-तीनदा केलंत की एकही छर्रा न मारता डॉट जवळजवळ जागेवर येतो.

मग मारायला सुरुवात. आता रायफल वाळूच्या पिशवीवर थेट टेकवून मारू नका, स्प्रिंगवाली रायफल कडक टेक्यावर उडी मारते आणि भलतीकडेच लागतं. डावा तळवा पिशवीवर, त्यावर रायफल सैल ठेवलेली, घट्ट पकड नाही. पाच छर्रे मारा, एकेक बघून स्क्रू फिरवत बसू नका, पाचांच्या घोळक्याचा मध्य धरा.

हिशोब असा: १ एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर, म्हणून दहा मीटरवर २.९ मिलिमीटर. घोळका ३ सेंटीमीटर खाली लागतोय तर १ एमओएच्या क्लिकने दहा क्लिक वर, अर्ध्या एमओएच्या क्लिकने वीस. स्क्रूवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते सांगतो, ठिपका कुठे जाईल ते नाही, ठिपका उलट दिशेने गेलेला दिसतो आणि तिथे सगळे गोंधळतात. स्वस्त डॉटमध्ये क्लिक मारल्यावर सेटिंग लगेच बसत नाही, म्हणून क्लिक केल्यावर दोन छर्रे असेच मारा आणि मग पुढचे पाच मोजा.

झिरो किती मीटरवर ठेवू? जवळ मारलं की खाली का लागतं?

डॉट नळीच्या बराच वर बसतो म्हणून. नजरेची रेघ वरून, छर्रा खालून, दोन्ही एका ठराविक अंतरावर भेटतात. डॉटचा मध्य नळीच्या ४५ मिमी वर, छर्रा साधारण २३० मीटर प्रति सेकंदाने निघणारा आणि झिरो २० मीटरवर, असं धरलं तर दहा मीटरवर छर्रा सुमारे १ सेंटीमीटर खाली लागतो, पाच मीटरवर अडीच सेंटीमीटर खाली आणि तीस मीटरवर परत सव्वा सेंटीमीटरच्या आसपास खाली. फिक्स्ड साईट नळीला चिकटून असल्याने तिथे जवळचा फरक इतका जाणवत नाही, म्हणून लोकांना वाटतं डॉट खराब आहे. खराब नाही. घरच्या जागेत १० ते २५ मीटरमध्ये मारणार असाल तर २० मीटरचा झिरो मला सगळ्यात सोयीचा वाटतो. फक्त दहा मीटरवरच मारत असाल तर झिरोही दहावरच ठेवा, साधी गोष्ट आहे. आणि हो, फिक्स्ड साईट आणि डॉट दोन्हीचा झिरो एकाच अंतरावर ठेवा, नाहीतर वरची तपासणी खोटं सांगेल.

वर जायचे क्लिक संपले तरी छर्रा खालीच लागतो!

ब्रेक-बॅरलमध्ये हे खूप होतं. नळी बिजागरीवर असते आणि पुष्कळ रायफलींत ती सिलिंडरच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. फिक्स्ड साईट नळीवरच असते म्हणून तिला काही फरक पडत नाही, डॉट सिलिंडरवर असतो म्हणून त्याला पडतो. उपाय म्हणजे डॉटचा मागचा भाग थोडा वर उचलणं. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो, त्याची छोटी पट्टी डॉट आणि त्याच्या पायाच्या मध्ये मागच्या बाजूला घातली आणि बूड ४० मिमी लांब असेल तर दहा मीटरवर नेम तब्बल २५ मिमी वर जातो. म्हणून एकच पट्टी घाला आणि मारून बघा. पट्टी ॲडाप्टरच्या जबड्याखाली, डोवटेलमध्ये घालू नका, तिथे पकड सुटते. कात्रीने कापलेल्या कडा घासून बोथट करा, बोट फाडतात त्या.

डोकं हललं की ठिपका पण हलतो. हे पॅरलॅक्स-फ्री म्हणून विकलंय ना?

लांबच्या अंतरासाठी ते बरोबर आहे, दहा मीटरसाठी नाही. काचेची रुंदी २० मिमीच्या आसपास असेल आणि तुम्ही अगदी कडेतून बघितलंत तर नेम जास्तीत जास्त १ सेंटीमीटर चुकतो. शंभर मीटरवर १ सेंटीमीटर कोण विचारतो, पण दहा मीटरवर कागदावर तो लगेच दिसतो. उपाय फुकटचा आहे. फिक्स्ड साईटची माशी काचेच्या खालच्या भागात दिसते ना, ती दरवेळी त्याच जागी, मधोमध आहे हे बघून मगच चाप ओढा. डोळा आपोआप मध्यावर येतो. हाच तो दुसरा फायदा.

ठिपका गोल नाही, तारा किंवा धूमकेतूसारखा पसरलेला दिसतो. रिप्लेस करू?

थांबा. मोबाइलचा कॅमेरा डॉटच्या मागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर डॉट ठीक आहे आणि तुमच्या डोळ्याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणजे दंडगोल नंबर असण्याची शक्यता जास्त. चष्मा असेल तर लावून बघा, नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, डॉटपेक्षा ते महत्त्वाचं. फोटोतही पसरलेला आला तर दुकानात परत न्या. दोन्हीच्या आधी एक करा, ब्राइटनेस कमी करा. बहुतेक लोक तो पूर्ण वाढवून ठेवतात, मग कुठलाही डॉट फुटलेलाच दिसणार. अंगणातल्या दुपारच्या उन्हाला जो आकडा लागतो तो पोफळीखाली नेला की जाळ वाटतो, जागा बदलली की आकडा बदला.

आपल्याकडच्या पावसात डॉट टिकेल का?

टिकवला तर टिकेल. जून ते सप्टेंबर इथे हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तर लेन्सला का नाही येणार. कोटिंगवर एकदा फंगसची जाळी धरली की ती पुसून निघत नाही, कोटिंग खाऊन टाकते. फोमची जी हार्ड केस रायफलबरोबर मिळते ती पावसाळ्यात सगळ्यात वाईट जागा, फोम ओलावा धरून ठेवतो. डॉट काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवा. कॅमेऱ्याचा ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्क्यांवर ठेवून त्यातच टाका. रायफल मात्र मोकळ्या हवेत, धातूला तेलाचा पातळ हात देऊन, आणि कुलपात.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना, हरमल-मांद्रे पट्ट्यात वगैरे, खारा वारा बारा महिने आहे, तिथे स्टीलचे स्क्रू आधी गंजतात. प्रत्येक वापरानंतर कोरड्या फडक्याने स्क्रूची डोकी पुसा. एसी खोलीतून रायफल एकदम बाहेर काढली की काच धुरकट होते, ती पुसत बसू नका, थोडा वेळ बाहेरच्या हवेत ठेवा, आपोआप जाते. काच साफ करताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने नको, लाल मातीची धूळ काचेवर सॅंडपेपरसारखी चालते.

चवथीनंतर पाऊस कमी झाला की डॉट परत लावा आणि झिरो तपासा. लाकडी दस्ता पावसात फुगतो, सुकल्यावर दस्त्याचे स्क्रू सैल होतात, आधी ते बघा आणि मग डॉटला दोष द्या.

बॅटरी किती दिवस जाते?

मॉडेलप्रमाणे खूप फरक पडतो. बहुतेकांना सीआर २०३२ लागते, काही छोट्यांना सीआर १६३२, दोन्ही ३ व्होल्टच्या, पणजी-मडगाव-म्हापशात घड्याळाच्या दुकानातही मिळतात. डॉट बंद करायला विसरणं हेच बॅटरी संपायचं मुख्य कारण. पावसाळ्यात बॅटरी काढूनच ठेवा, आत फुटली तर सर्किट गेलं.

आमच्या आजोबांची .३१५ बोअरची रायफल आहे, पिकाच्या रक्षणासाठी लायसन्स आहे. तिच्यावर बसेल?

या रायफलीची गोष्ट वेगळी. तिच्या रिसीव्हरवर सहसा रेलही नसते आणि स्क्रूची भोकंही नसतात. घरी ड्रिल घेऊन बसायचं नाही, एकतर आर्म्स ॲक्टप्रमाणे दुरुस्ती-बदल हे लायसन्स असलेल्या गनस्मिथचंच काम आहे आणि दुसरं म्हणजे चुकीच्या जागी भोक पडलं तर चेंबरच कमजोर होतं, त्याचा परिणाम तुमच्या चेहऱ्यासमोर होणार. मागच्या साईटच्या जागी बसणारा, भोक न पाडता लागणारा माउंट मिळत असेल तर आधी गनस्मिथला रायफल दाखवून विचारा, तसा माउंट लावताना मागची साईट काढावी लागते, ती हरवू नका. एअर रायफलवाला स्वस्त डॉट तर तिच्यावर लावूच नका. आणि निवडणुकीच्या वेळी रायफल पोलिस स्टेशनात जमा करायची झाली की डॉट काढून घरी ठेवा, बॅटरी काढून.

परसात टार्गेट लावलंय, मागे चिऱ्याची कंपाउंड वॉल आहे. चालेल ना?

नाही चालणार. चिरा वरून मऊ दिसतो पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत, भोकाभोकाचा, छर्रा कुठल्या कोनात परत येईल सांगता येत नाही. स्टीलचे गोल बीबी तर हमखास उलटे येतात. लाकडी खोका घ्या, त्यात वाळू किंवा जुन्या कपड्यांचे बोळे घट्ट ठोसून भरा आणि टार्गेट त्याच्या तोंडावर लावा. डॉट लावल्यावर पहिले छर्रे कुठे जातील याचा भरवसा नसतो, म्हणून झिरो करताना खोका मोठा पाहिजे आणि त्याच्या मागे मातीचा बांध, पलीकडे शेजाऱ्यांची न्हाणी किंवा पायवाट नाही हे स्वतः चालत जाऊन बघा. डोळ्याला चष्मा सगळ्यांनी, बघणाऱ्यांनीही. छर्रे शिशाचे असतात, झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

माकडं नारळ पाडतात, शेकरू शहाळी पोखरतं. डॉट लावला की नेम बसेल का?

यासाठी लावत असाल तर लावूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली माकड, शेकरू, मोर यांना मारणं गुन्हा आहे, एअर रायफलने मारलं म्हणून सूट नाही. छर्ऱ्याने माकड बहुतेक वेळा मरतही नाही, पोटात शिसं घेऊन दिवसेंदिवस तडफडतं. आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले अशा अभयारण्यांत हत्यार घेऊन परवानगीशिवाय शिरणंही गुन्हा आहे. नुकसान खरं आहे, बागायतदाराचं वर्षाचं उत्पन्न जातं हेही मान्य, पण त्यासाठी विभागीय कृषी कार्यालयात आणि वन खात्याकडे फोटो घेऊन अर्ज करा.

रेड डॉट लावून कॉम्पिटिशनला उतरता येतं?

२०२३ च्या नॅशनल गेम्स गोव्यात झाल्या तेव्हापासून हा प्रश्न पोरं जास्त विचारतात. दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रेड डॉट आणि स्कोप दोन्ही चालत नाहीत, पीप साईट (बारीक भोकातून बघायची) लागते, आणि तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे नवख्यांसाठी ओपन साईटचे वेगळे इव्हेंट होतात, त्यातही डॉट नाही. मुलाला त्या वाटेने जायचं असेल तर डॉट आत्ता लावूच नका, फिक्स्ड साईटवर हात बसू दे, आणि कोचला विचारून पुढची रायफल घ्या.